तीन पट्ट्यांचा बाग

पटियाला
९ नोव्हेंबर १९७२

ईशर,

सत श्री अकाल. इथे सगळे धडधाकट आहेत, फक्त तोंडं सुजली आहेत. गुरचरण चार दिवस माझ्याशी बोललेला नाही आणि सूनबाई प्रीतम बोलते ती भांड्यांशी. कारण सांगते, पण आधी खाली बस आणि पाण्याचा पेला जवळ घे.

आपल्या गुरचरणचा पाली लग्न करतो आहे, बसंत पंचमीच्या दिवशी. मुलगी त्याच्याच वीज कचेरीत टायपिंग करते, नाव शिंदर. बाप भाग सिंग, किल्ल्याजवळच्या गल्लीत जुती बनवतो. होय, तोच. इथे आल्यापासून तुझ्या भावानं आणि नंतर गुरचरणनं ज्याच्या हातची जुती घातली, तो.

गुरचरण म्हणाला, "बेबे, चामड्यात हात घालणाऱ्याची पोर आपल्या चुलीपाशी येणार?"

मी म्हटलं, "चुलीपाशी बघू. आधी उंबऱ्यातून येईल. आणि तिच्या डोक्यावर नवरीची ओढणी, आपला रेशमानं भरलेला बाग, मी घालेन, तुझी परवानगी मागायला आलेली नाही."

म्हणून हे पत्र. पालीच्या बागेचा तिसरा पट्टा पाठवून दे. आठवतं ना, निर्वासितांच्या छावणीत पाली जन्मला तेव्हा आपल्याकडे धड दोन पातेली नव्हती, पण लाल खद्दरचे तीन पट्टे तू कुठूनसे पैदा केलेस. नातवाच्या नवरीचा बाग आजीनं भरायचा, तर म्हणालीस, "भाबी, पहिला टाका माझा. मी त्याच्या बापाची आत्या आहे." गुळाचा खडा माझ्या तोंडात कोंबलास आणि सुई घेऊन बसलीस. चोवीस वर्षं तो बाग मी भरते आहे. खालचा लाल धागा दिसू नये इतकं दाट सोनेरी रेशीम. आपल्या रावळपिंडीकडच्या रीतीनं तिन्ही पट्टे वेगळे ठेवले, लग्नाआधी जोडायचे म्हणून. दोन माझ्या पेटीत पुरे होऊन पडले आहेत. तिसरा माझ्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला तेव्हा तू कानपूरला नेलास. आता भिंगासारखा जाड चष्मा लागला आहे, टाका दिसतो. जेवढा झाला असेल तेवढा पाठव, बाकीचा मी भरते.

नाक मुरडू नकोस. मला इथून दिसतं.

तुझी भाबी
वीरांवाली


कानपूर
२१ नोव्हेंबर १९७२

भाबी,

पाण्याचे दोन पेले प्याले. उपयोग झाला नाही.

पट्टा मिळणार नाही. पुरा होत आला आहे, फार तर वीतभर राहिला असेल, आणि इतका सुबक झाला आहे की तुझे दोन त्याच्याशेजारी ठेवायला लाज वाटावी. पण तो माझ्या भावाच्या घरच्या सुनेसाठी आहे. गुरचरणचं मला पत्र आलं. पोरगा रडकुंडीला आला आहे. बाजारात त्याचं कापडाचं दुकान आहे, लोकांना तोंड दाखवायचं आहे. तुझं काय, तू माळ ओढत बसणार.

आणि एक विचारते. तू मला शिकवायला निघालीस? अकरा वर्षांपूर्वी माझ्या जोगिंदरनं ख्रिस्ती नर्स आणली तेव्हा मी तुलाच विचारलं होतं. रात्रंदिवस रडत होते, वाटत होतं की जाऊ दे, घेऊ तिला घरात. तेव्हा तू काय लिहिलंस ते माझ्या पेटीत आहे. काढून समोर ठेवलं आहे, शब्द न् शब्द उतरवते: "ईशर, वाकू नकोस. बाग म्हणजे पोतेरं नाही कुणाच्याही डोक्यावर टाकायला. चार महिने दार बंद ठेव, पोरगा आपोआप परत येईल."

मी दार बंद ठेवलं. त्याच्या नवरीसाठी भरलेला बाग कडुलिंबाच्या पाल्यात गुंडाळून ठेवला. जोगिंदरची आसामला बदली झाली. लांब आहे, येणं होत नाही.

तुझा पाली तुझा लाडका, म्हणून आता तुला सगळ्या जाती सारख्या दिसायला लागल्या. छान चष्मा लागला आहे तुला.

ईशर


पटियाला
२ डिसेंबर १९७२

ईशर,

तुझं पत्र गुरुद्वारात बसून वाचलं, घरी वाचायची हिंमत झाली नाही.

होय, ते मी लिहिलं होतं. मला आठवत नाही असं म्हणायचा मोह झाला, पण आठवतं. गव्हाचं परातभर पीठ मळून झालं होतं आणि हात न धुताच लिहायला बसले होते, इतकी मला घाई होती तुला कडक करायची. मी चुकले. माझ्या चुकीनं तुझं घर रिकामं झालं. हे मी कागदावर लिहून देते आहे, म्हणजे हेही तुझ्या पेटीत त्या पत्राशेजारी राहील. पण एकदा चुकले म्हणून दुसऱ्यांदाही तीच चूक करू, असं तुझं म्हणणं असेल तर ते मी ऐकणार नाही.

इकडची हकीगत ऐक. माझ्या पेटीची किल्ली गुरचरणनं काढून घेतली. मी आंघोळीला गेले असताना उशीखालून. अडुसष्टाव्या वर्षी आईची झडती घेतली पोरानं. दोन्ही पट्टे आत. मी किल्ली मागितली तर म्हणतो, "लग्न मोडलं की देतो." मी म्हटलं, "ठेव जपून, गंजू देऊ नकोस."

मग मी शाल घेतली आणि सरळ भाग सिंगच्या दुकानावर गेले. मुलगी बघायची होती ना. तो बिचारा ओट्यावर बसून तळ शिवत होता. मला बघून इतक्या घाईनं उठला की मांडीवरचं चामडं, सुया, सगळं खाली. आतून शिंदर आली. उंच आहे, सावळी, आणि नजर खाली घालत नाही. मी म्हटलं, "पोरी, माझ्या घरात तुझा निभाव लागेल?"

ती म्हणाली, "बेबे, आमच्या जुतीला डावी-उजवी नसते. दोन्ही सारख्या असतात आणि पहिल्यांदा चावतातही सारख्याच. महिनाभर घातली की ज्या पायात गेली त्या पायाची होते. मीही महिनाभर चावेन, ते आत्ताच सांगून ठेवते."

"आणि घरच्यांनी घातलीच नाही तर?"

"तर त्यांचे पाय अनवाणी राहतील. माझं काही जात नाही." मग म्हणाली, "पाली म्हणत होता तुमची पेटी बंद केली. त्या बागेसाठी कुणाच्या पाया पडू नका. मी उघड्या डोक्यानं येईन."

बाप घाबरून तिला गप्प करत होता. मला मात्र ती पोर तिथल्या तिथे आवडली. मी म्हटलं, "उघड्या डोक्यानं का म्हणून? तुझ्या डोक्यावर बाग असणार. पेटी बंद केली आहे, माझे हात नाही बंद केले."

उद्यापासून नवा पट्टा भरायला घेते, एकच झाला तरी तोच तिच्या डोक्यावर. खद्दर आणलं. गुरचरणच्या दुकानातून नाही, त्याच्या समोरच्या दुकानातून, भर दुपारी, त्याला दिसेल असं. रंगाऱ्याकडे लाल रंगायला दिलं आहे. घरात प्रीतम मला सुई धरू देणार नाही, म्हणून मी भाग सिंगच्या ओट्यावर बसून भरणार. रस्त्याकडे तोंड करून.

वीरांवाली


कानपूर
१४ डिसेंबर १९७२

भाबी,

गुरचरणचं दुसरं पत्र आलं. तू खरंच तिथे बसतेस. भर बाजारात, चामड्याच्या ढिगाशेजारी, सरदार हरनाम सिंगची विधवा. माझा भाऊ वर बसून कपाळ बडवत असेल.

मी गुरचरणला कळवलं आहे की माझा पट्टा माझ्याकडेच राहील. तो निर्धास्त आहे.

आणि दोन महिन्यांत तू पट्टा भरणार म्हणजे काय करणार? आपल्याला एकेका पट्ट्याला वर्षानुवर्षं लागली. त्यातून तू पहिल्यापासून घाईची. उलट्या बाजूनं धागे मोजताना अकराव्यानंतर तेरावा धरतेस आणि मग पुढून चौकट तिरकी होते, हे मी तुला पन्नास वर्षं सांगते आहे. रेशीम कुठलं घेतलंस? अमृतसरचं घे, दुसरं दोन धुण्यांत पिसासारखं फुलतं. लांब टाका घालू नकोस, बांगडीत अडकतो.

हे तुला मदत म्हणून लिहिलेलं नाही. माझ्या माहेरचं काम चारचौघांत ओबडधोबड दिसू नये म्हणून लिहिलं आहे.

थंडी वाढली असेल. पायांत लोकरीचे मोजे घाल.

ईशर


पटियाला
२८ डिसेंबर १९७२

ईशर,

मोजे घातले. रेशीम अमृतसरचंच आहे. आणि अकरानंतर मी बाराच मोजते, शेजारी शिंदरची आई करतारो मोजायला बसते. ती जुतीच्या तोंडावर जरीचं काम करते, तिची बोटं माझ्यापेक्षा बारीक आणि जीभ तुझ्यापेक्षा धारदार. परवा म्हणाली, "बेबे, आमचं काम पायात जातं, तुमचं डोक्यावर. पण सुई दोघींच्या बोटांत सारखीच घुसते." मी तिला म्हटलं, माझ्या नणंदेला भेटायला हवीस तू.

पहिले चार दिवस रस्त्यावरचे लोक थांबून बघायचे. बायका तोंडाला पदर लावून जायच्या. सातव्या दिवशी एक म्हातारी आली, आपल्याच झेलमकडची. उभी राहिली आणि म्हणाली, "कितीतरी वर्षांनी बाग भरताना बघितला. मला एक टाका घालू द्या." मी सुई दिली. तिचा टाका वाकडा पडला. तो मी उसवला नाही. तो दिसेल, दिसू दे.

आता गुरचरणचं ऐक. तो सोमवारी आला. अगदी दुकानाच्या वेळेत, बाजार भरलेला असताना. ओट्यासमोर उभा राहिला.

"बेबे, घरी चल."

"एवढी चौकट होऊ दे."

"लोक हसतात मला."

"त्यांना हसू दे, फुकट आहे."

"तू माझं नाक कापायला बसली आहेस इथे."

भाग सिंगनं मुकाट्यानं एक स्टूल आणून ठेवलं. गुरचरण बसला नाही. मी चष्म्यावरून त्याच्याकडे बघितलं, मग त्याच्या पायांकडे. म्हटलं, "ती जुती कुणी केली?"

त्यानं पाय मागे घेतले.

"घडण बघूनच कळतं. टाच वळलेली, टोकाला छोटी गाठ. बारा महिने भाग सिंगची जुती घालतोस. आणि गुरुद्वारात? लंगरात तो पोळ्या वाढतो त्या खातोस की नाही? तिथे तुझं नाक शाबूत राहतं आणि माझ्या उंबऱ्यातच कापलं जातं, असं कसं?"

बाजूच्या दुकानातला कुणीतरी हसला. गुरचरणचा चेहरा तुझ्या भावासारखा लाल झाला. तो म्हणाला, "बसंतला मी दाराला कुलूप घालीन. बघतो ती कशी येते." आणि गेला. त्याचं मला वाईट वाटलं, ईशर. तो दुष्ट नाही. आपणच त्याला असा वाढवला, आपल्या दोघींच्या मांडीवर.

पट्टा बसंतपर्यंत पुरा होणार नाही, हे मला आता कळून चुकलं आहे. अर्धा होईल. अर्धा तर अर्धा. अर्धा सोन्याचा आणि अर्धा लाल खद्दरचा बाग मी त्या पोरीच्या डोक्यावर घालीन आणि जो विचारेल त्याला सांगेन की उरलेला कुठे अडकला आहे.

तुझा पट्टा मी मागत नाही. पण एक विचारते, रागावू नकोस. जोगिंदर खरंच आसामला आहे का? गेल्या वर्षी आमच्या शेजाऱ्यांचा मुलगा लखनौच्या इस्पितळात होता, तो सांगत होता की तिथली एक ग्रेस नावाची नर्स स्वतःला पिंडीच्या सरदारांची सून म्हणवते.

वीरांवाली


पटियाला
१५ जानेवारी १९७३

ईशर,

तुझं उत्तर नाही. मी तुझ्या जखमेवर बोट ठेवलं असेल. पण ते उचलणार नाही, कारण ती जखम माझ्या हातची आहे.

परवा लोहडी झाली. घरात प्रीतमनं मला न विचारता शेकोटी पेटवली. तिळाची रेवडी मी पदरात घेतली आणि सगळी शिंदरच्या गल्लीत वाटली. नव्या सुनेची पहिली लोहडी पुढच्या वर्षी, पण मला तेवढा धीर नाही. गल्लीतल्या बायकांनी गाणी म्हणून माझे कान किटवले.

पालीनं जुतीवाल्यांच्या गल्लीपलीकडे दोन खोल्या भाड्यानं घेतल्या आहेत. गुरचरणनं दाराला कुलूप घातलं तर नवरी कुठे न्यायची, म्हणून. मी त्याला विचारलं, "त्यात माझी खाट बसेल?" तो म्हणाला, "बेबे, तू येशील?" मला रडू आलं आणि रागही आला. मी म्हटलं, "सुनेचं स्वागत रस्त्यावर करू काय?"

तू येऊ नकोस. आलीस तर मात्र पिवळा दुपट्टा आण, बसंत आहे.

वीरांवाली


कानपूर
३० जानेवारी १९७३

भाबी,

सोबत पार्सल आहे. ते उघडण्याआधी हे वाच. तू उलटं करशील, पण मी सांगून ठेवते.

जोगिंदर आसामला नाही. तो लखनौला आहे, इथून गाडीनं तीन तासांवर. अकरा वर्षं मी लोकांना आसाम सांगते, कारण आसाम लांब आहे आणि तिथून न येण्याचं कुणाला नवल वाटत नाही. तुझं पत्र आलं आणि मी चार दिवस चुलीवर काही चढवलं नाही. पाचव्या दिवशी माझा बाग बाहेर काढला. कडुलिंबाच्या पाल्याचा भुगा झाला होता, पण रेशीम जसंच्या तसं. काखोटीला मारला आणि गाडीत बसले.

दार तिनंच उघडलं. पांढरे कपडे, कामावर निघाली होती. मला फोटोवरून ओळखलं असेल. गाठोडं सोडलं आणि तिच्या डोक्यावर बाग घालायला गेले. तिनं माझे हात धरले, ओढले नाहीत, नुसते धरले. म्हणाली, "माताजी, आता नको. कित्येक वर्षं मी दार वाजलं की बघायचे. मग थांबले. आत या, चहा घ्या. पण हे नको."

मी आत गेले. भाबी, माझी नात दहा वर्षांची आहे. तिचं नाव ईशा आहे. जोगिंदरनं ठेवलं. मी ते कुणाला विचारलं नव्हतं, म्हणून कुणी सांगितलं नव्हतं.

जोगिंदर घरी नव्हता, कामावर होता. मी तिथे बसून ग्रेसला सगळं सांगितलं. तुझं पत्र, तू ओट्यावर बसलीस ते, गुरचरण, ती जुतीवाल्याची पोर आणि तिची चावणारी जुती. तिथे ती हसली. मी अकरा वर्षं तिचा चेहरा दगडाचा समजत होते. तिनं बागेवरून हात फिरवला आणि शिवण उलटीकडून बघितली. नर्स आहे, टाक्यांची जाण असणारच. विचारलं, "हे तीन तुकडे जोडलेले आहेत?" मी म्हटलं, होय, आमच्याकडे तसंच असतं. मग ती आतून कात्री घेऊन आली. माझा जीव वर गेला, वाटलं कापते. तिनं एक शिवण शांतपणे उसवली. एक पट्टा सुटा केला आणि माझ्या हातात दिला. "त्या मुलीला पट्टा कमी पडतो आहे ना? हा माझ्या वाटचा. तिला सांगा, लखनौच्या काकीनं दिला. बाकीचे दोन राहू देत इथे. ईशाला बघायला."

ते दोन ती ठेवून घेईल असं मला वाटलं नव्हतं. मला मान द्यायला नाही ठेवले तिनं. पण ठेवले.

पार्सलमध्ये दोन पट्टे आहेत. एक पालीचा, माझ्याकडचा, वीतभर उरला होता तो लखनौहून आल्यावर बसून पुरा केला. दुसरा ग्रेसच्या वाटचा. तुझा अर्धा मिळून तीन झाले. एकाशी एक जुळणार नाही, चौकटी वेगळ्या आहेत, सोन्याचा रंगही वेगळा आहे. जोड. हात राखू नकोस.

तुझं ते जुनं पत्रही घातलं आहे. माझ्या पेटीत त्याला आता जागा नाही.

मी येत नाही. बसंतला ईशाच्या शाळेत कसलंसं नाटक आहे. मला बोलावलं आहे, असं ईशानं लिहिलं आहे. आईनं लिहू दिलं म्हणजे तिनंच बोलावलं असं मी धरते.

गुरचरणला मी कळवलं आहे की आत्यानं शब्द फिरवला. आत्याला तेवढा हक्क आहे.

ईशर


पटियाला
११ फेब्रुवारी १९७३

ईशर,

आधी पार्सल उघडलं, मग पत्र वाचलं. तुला माहीतच होतं.

वाचून मी ओट्यावर बसूनच रडले. करतारोनं कुणाला जवळ येऊ दिलं नाही. सांगत होती, "बेबेच्या डोळ्यांत चामड्याची धूळ गेली." मग आम्ही तिघींनी, मी, करतारो आणि ती झेलमची म्हातारी, दोन दिवसांत पट्टे जोडले. मधे ग्रेसचा घेतला. डावीकडे तुझा, उजवीकडे माझा, ज्याचा अर्धा अजून नुसता लाल आहे. चौकटी एकमेकींना कुठेही भेटत नाहीत. तुझा पट्टा इतका सुबक आहे की माझा त्याच्याशेजारी भिकाऱ्यासारखा दिसतो, हे तुला ऐकायचंच होतं, तर ऐक.

लग्न गुरुद्वारात झालं. बाहेर जत्रा, वर पतंगांनी भरलेलं आभाळ, पाली पिवळ्या पगडीत. गुरचरण आला नाही. वरात आमच्या घरावरून गेली. दाराला खरोखरच कुलूप होतं, मोठं, नवं. वाजंत्रीवाले कचरले. मी म्हटलं, "थांबा इथेच." कुलपासमोर, भर रस्त्यात, सगळ्या मोहल्ल्यादेखत मी तो बाग शिंदरच्या डोक्यावर घातला. वर गच्चीवर प्रीतम उभी होती. मी तिच्याकडे बघून मोठ्यानं सांगितलं, "हा पट्टा आत्याचा. हा लखनौच्या सुनेचा, जिला आपण अकरा वर्षं बाहेर उभं केलं. आणि हा माझा, बाजारात बसून भरलेला. बाकीचे दोन त्या दाराआड आहेत, त्यांना तिथे सुखानं राहू दे." रीतीप्रमाणे बागेबरोबर किल्ल्या द्यायच्या असतात. मी दोन खोल्यांची किल्ली तिच्या हातात ठेवली. शिंदरनं ती घेतली आणि बाग जरा मागे सारला, लोकांना चेहरा नीट दिसावा म्हणून.

आता मीही इथेच आहे. खाट बसली. पोर खरंच चावते. काल मला म्हणाली, "बेबे, तुम्ही डाळीत मीठ चाखून घालता की धाग्यांसारखं मोजून?" मजेत दिवस चालले आहेत.

आज सकाळी प्रीतम आली होती. गुरुद्वारात जाते असं सांगून. शालीखालून ते दोन पट्टे काढले आणि माझ्या मांडीवर टाकले. म्हणाली, "किल्ली त्यांच्या कोटाच्या खिशात होती. त्यांनी कोट मुद्दाम माझ्यासमोर टांगला." हातातल्या पिशवीत गुरचरणची जुती होती, टाच उसवलेली. "भाग सिंगला म्हणावं शिवून ठेवा, ते स्वतः न्यायला येतील." मी तिला चहा पाजला. ते दोन पट्टे मी शिंदरपुढे ठेवले तर ती म्हणाली, "माझा बाग झाला आहे, मला दुसरा नको. यांना तिसरा लागेल, तो मी भरते. कुणासाठी ते नंतर बघू." आणि उलट्या बाजूनं धागे मोजायला बसली. अकरानंतर तेरावा धरला. मी तिला सुईत रेशीम ओवून दिलं.

एक काम तुझ्याकडे आहे. माझं ते जुनं पत्र परत पाठवते आहे. त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूवर मी ग्रेसला चार ओळी लिहिल्या आहेत. माफी मागितली आहे आणि पट्टा कुठे बसला ते सांगितलं आहे. ते तिच्या हातात दे. पुढची बाजू फाडू नकोस, झाकूही नकोस. तिनं दोन्ही बाजू वाचाव्यात.

तुझी भाबी
वीरांवाली